छेद, हर, डिनॉमिनेटर

क्वार्टर सोडायच्या दिवशी एमईएसचा, म्हणजे लष्कराच्या इमारती सांभाळणाऱ्या खात्याचा, माणूस यायचा. हातात पुठ्ठ्याला लावलेला कागद, कानामागे पेन्सिल. तो खोल्याखोल्यांतून फिरायचा आणि मोजायचा. बल्ब किती, पंखे किती, नळाच्या तोट्या किती, खिडकीच्या काचा किती शाबूत. आईनं आदल्या रात्री घासूनपुसून ठेवलेल्या फरशीवर बुटाचे ठसे उमटवत तो म्हणायचा, "एक बल्ब कम." मग कागदावर बल्बासमोर एक आकडा यायचा, बाबांची सही व्हायची. आमच्या काळ्या पत्र्याच्या पेट्या तोवर ट्रकमध्ये चढलेल्या असायच्या. त्यांच्यावर पांढऱ्या रंगात बाबांचा नंबर, रँक आणि नाव. माझं दप्तर मी मांडीवर घेऊन बसायचे.

बाबा पायदळात होते, आणि बरीच वर्षं कंपनीचे क्वार्टर मास्टर हवालदार. म्हणजे कंपनीच्या सामानाचा सगळा हिशेब त्यांच्याकडं. ब्लँकेट, जेरीकॅन, तंबूचे खुंटे, गैंती, बेलचे. पलटण एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जायची तेव्हा 'हँडिंग-टेकिंग' चालायचं. जाणाऱ्यानं मोजून द्यायचं, येणाऱ्यानं मोजून घ्यायचं. काही कमी भरलं तर ती 'डेफिशियन्सी', आणि ती कागदावर लिहायची. बाबांचं त्यावर ठाम मत होतं. "कमी असणं हा गुन्हा नाही गं. गाडीतनं पडतं, वाऱ्यानं उडतं, उंदीर खातात. कमी असून पुरं आहे म्हणून सही केली की मग कोर्ट ऑफ इन्क्वायरी."

एवढ्या काटेकोर घरात वाढलेल्या माझ्या अभ्यासातून अपूर्णांकांचा भागाकार कधी गहाळ झाला, हे मात्र कुणाच्याच कागदावर आलं नाही.

झालं असं. बारा वर्षांत माझ्या सात शाळा झाल्या. पलटण दोन-तीन वर्षं पीस स्टेशनला असायची, तेव्हा आम्ही सोबत. मग ती फील्डला जायची, तिथं कुटुंबाला परवानगी नसायची. त्या काळात एक तर छावणीतल्या सेपरेटेड फॅमिली क्वार्टरमध्ये राहायचं, नाहीतर गावी जायचं. अधिकाऱ्यांच्या मुलांच्या वाट्याला बहुतेक वेळा एका इंग्रजी शाळेतून दुसऱ्या इंग्रजी शाळेत जाणं येतं. जवानाच्या मुलांच्या वाट्याला गावही येतं, आणि गावाबरोबर भाषाही बदलते. हा फरक सैनिकांच्या मुलांच्या शिक्षणाबद्दल बोलताना फारसा कुणी काढत नाही, म्हणून मी आधीच काढून ठेवते.

1993 च्या जूनमध्ये मी सातारा जिल्ह्यातल्या आमच्या गावी, जिल्हा परिषदेच्या शाळेत पाचवीला बसले. गुरुजी खड्या आवाजात पाढे म्हणून घ्यायचे. बे एके बे, बे दुणे चार, बे त्रिक सहा. आज्जी त्यावर घरी पावकी आणि निमकी, म्हणजे पाव-अर्ध्याचे पाढे, चढवायची. अपूर्णांक सुरू झाले तेव्हा मला मजाच वाटली. वर अंश, खाली छेद. बेरीज झाली, वजाबाकी झाली, गुणाकारापर्यंत आलो आणि दिवाळीची सुट्टी लागली. गुरुजी म्हणाले, आता दिवाळीनंतर भागाकार.

दिवाळीनंतर मी उत्तरेतल्या एका छावणीत होते. पलटण पीसला आली होती, क्वार्टर मिळालं होतं, बाबा आम्हाला न्यायला आले होते. नव्या शाळेचं वर्ष एप्रिलला सुरू झालेलं. त्यांचे अपूर्णांक पावसाळ्यातच उरकलेले. वर्गात दशांश चालू होता, आणि त्याला सगळे 'दशमलव' म्हणत होते.

फळ्यावर इंग्रजी, समजावणं हिंदीत. बाई अधूनमधून मागचा संदर्भ द्यायच्या, "हर बराबर करो." हर? मला हर एकच माहीत होता, 'हर हर महादेव'मधला. तो बराबर कसा करायचा? शेजारच्या मुलीच्या वहीत डोकावले तेव्हा कळलं की छेदालाच इथं हर म्हणतात. वहीत मात्र तिनं लिहिलं होतं 'डिनॉमिनेटर'. एका रेघेखालच्या एका आकड्याला तीन नावं. काटकोनाला समकोण, सरासरीला औसत, घनफळाला आयतन. पाढ्यांतल्या दुणे-त्रिकाच्या जागी दूनी-तिया. आकडे तेच होते, पण मला वर्गात बोलावं लागलं की मी आधी मनात मराठीत मोजायचे, मग हिंदीत वळवायचे, आणि तोवर दुसऱ्या कुणीतरी उत्तर दिलेलं असायचं. बाईंनी माझ्याबद्दल एका महिन्यात मत बनवलं: मुलगी शांत आहे, जरा मंद आहे. त्यांचंही फार चुकलं असं मला आता वाटत नाही. त्यांच्या वर्गात वर्षभर अशी मुलं येत होती, जात होती. कुणाची कुठली खिळी निखळली आहे हे बघायला त्यांच्याकडं होतं काय? माझा शाळा सोडल्याचा दाखला आणि चौथीचे गुण. गणितात 100 पैकी 91.

भाषेचं पुढं सहा महिन्यांत जमलं. मुलांचं जमतंच. भागाकाराचं जमलं नाही.

हिवाळ्यात छावणीतल्या बायका क्वार्टरपुढच्या उन्हात स्वेटर विणत बसायच्या. आई तिथंच शिकली. विणताना एखादा टाका सुटला तर तेव्हा काही दिसत नाही. चार बोटं वीण पुढं गेली, कुणी तरी ओढून बघितलं, की मग तिथून खालपर्यंत शिडी पडते. आणि शिडी वर दिसते म्हणून वरचा भाग उसवून उपयोग नसतो. गणिताचं अगदी हेच आहे. इतिहासात माझी मराठ्यांची प्रकरणं दोनदा झाली आणि मौर्य एकदाही झाले नाहीत. त्यानं काही बिघडलं नाही. मौर्य नंतर वाचून काढता आले. गणितात मात्र सुटलेल्या टाक्यावर पुढची प्रत्येक ओळ विणली जाते. विज्ञानाला तो दोष थोडा उशिरा लागतो, पण लागतो, कारण आठवीनंतर विज्ञान गणिताच्या सुयांवरच चालतं.

मी लपवायला शिकले. अपूर्णांकाचा भागाकार आला की दशांशात करायचा. दशांश लांबत गेला की दोन घरांवर तोडायचा. उत्तर पुस्तकातल्या उत्तराच्या जवळपास यायचं आणि जवळपासला कधी अर्धा गुण मिळायचा. 'उलटा करून गुणा' हे वाक्य मी कुठंतरी ऐकलं होतं, पण दोघांपैकी कुणाला उलटं करायचं हे कधी लक्षात राहिलं नाही. नियम सांगणाऱ्याच्या तोंडून तो ऐकलाच नव्हता ना. कानावरून गेला होता, एवढंच. विचारायची सोय नव्हती. आठवीतल्या मुलीनं पाचवीतलं विचारायचं कसं?

दहावीत ते बाहेर आलं. बाबांची पलटण जम्मू-काश्मीरमध्ये फील्डला होती. आईनं पेटी उघडायला नकार दिला होता. "पोरीची दहावी होईपर्यंत मी हलायची नाही," म्हणून आम्ही छावणीतच राहिलो होतो. भौतिकशास्त्रात समांतर जोडणी शिकवली. दोन रोध समांतर जोडले की एकूण रोधाचा व्यस्तांक (1 भागिले तो रोध) म्हणजे दोघांच्या व्यस्तांकांची बेरीज. पहिलंच उदाहरण 2 ओहम आणि 3 ओहमचं. मी अर्धा अधिक एक तृतीयांश बरोबर केलं, पाच षष्ठांश. आणि उत्तर लिहिलं: पाच षष्ठांश ओहम. उलटं करून सहा पंचमांश, म्हणजे 1.2 ओहम करायचं राहून गेलं. 'राहून गेलं' असं सर म्हणाले. खरं तर मला माहीतच नव्हतं की 1 ला पाच षष्ठांशांनी भागलं की सहा पंचमांश का येतात. आरशाच्या आणि भिंगाच्या सूत्रातही तेच. नाभीय अंतराच्या जागी त्याचा व्यस्तांक. सरांनी माझ्या चाचणीच्या कागदावर लिहिलं, 'कन्सेप्ट वीक'. घरी आईला वाटलं, वीज समजत नाही, विजेची शिकवणी लावू. एक महिना लावलीसुद्धा. वीज मला चांगली समजत होती. पाचवीतला हर समजत नव्हता.

त्या डिसेंबरात बाबा रजेवर आले. दोन महिन्यांची वार्षिक रजा, त्यातले तीन दिवस आगगाडीत. मी रात्री स्वयंपाकघरात अभ्यास करायचे, कारण शेगडीची ऊब तिथंच. बाबा भांडी पुसत होते. मी चिडून वही मिटली तेव्हा त्यांनी विचारलं, काय अडलंय. बाबा स्वतः मॅट्रिक. त्यांना काय सांगायचं म्हणून मी टाळलं. पण स्टोअरमन माणूस, त्याला टाळणं लगेच कळतं.

"कशात कमी आहे, तेवढं सांग," ते म्हणाले.

मी सांगितलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच सांगितलं. त्यांनी फडताळातून चहापत्तीचा डबा काढला. म्हणाले, समज ही पाऊण किलो आहे. अर्ध्या पावाच्या पुड्या बांधायच्यात. किती होतील?

पाऊण किलो भागिले अर्धा पाव. तीन चतुर्थांश भागिले एक अष्टमांश. मी पेन उचललं.

"पेन ठेव. एका किलोत अर्धा पाव किती?"

"आठ."

"मग पाऊण किलोत?"

आठाचे पाऊण. सहा. आज्जीनं शिकवलेल्या अपूर्णांकांच्या पाढ्यांतनं ते माझ्या तोंडून आपोआप निघालं आणि तोंड उघडंच राहिलं. मी एक अष्टमांशाचे आठ केले होते, त्याला पाऊणनं गुणलं होतं. म्हणजे उलटं करून गुणलं होतं. उलटा होतो तो भागणारा, कारण आधी विचारायचं असतं की एका पूर्णात तो किती वेळा मावतो. मग जेवढं आपल्याकडं आहे तेवढ्यानं गुणायचं. नियम नव्हताच तो. पुड्या बांधायची पद्धत होती. बाबा रोज तेच करत होते, ऐंशी-नव्वद माणसांच्या शिध्यासाठी. त्याला गणित म्हणतात हे त्यांना माहीत नव्हतं, आणि आमच्या घरात गणित आहे हे मला माहीत नव्हतं.

खरं तर विज्ञानही होतं, आणि ढीगभर होतं. फक्त कुठल्याही शाळेनं ते मागितलं नाही. पूर्वी एकदा पलटण लडाखात होती तेव्हाची बाबांची पत्रं आईनं जपून ठेवली आहेत. पत्ता नेहमीसारखा लष्करी टपालाचा, '56 एपीओ'. एका पत्रात लिहिलंय: इथं डाळ शिजता शिजत नाही, कुकर नसेल तर दोन तास घालवा. लेह समुद्रसपाटीपासून सुमारे 3,500 मीटरवर आहे. दर 300 मीटरला पाण्याचा उत्कलनबिंदू साधारण एक अंशानं उतरतो. म्हणजे तिथं पाणी 88 अंशांच्या आसपासच उकळतं. कितीही जाळ लावा, त्याहून तापत नाही, कुकरमध्ये दाब वाढवला तरच तापतं. नववीच्या वर्गात हे मी पाठ केलं आणि पत्रातली डाळ मला आठवलीही नाही. शाळेचं पाणी वेगळं, बाबांचं पाणी वेगळं.

दुसरं म्हणजे मिल. फौजेत कोन अंशांत नाही, मिलमध्ये मोजतात, पूर्ण वर्तुळाचे 6,400 मिल. खरं म्हणजे रेडियनच्या हिशेबानं ते 6,283 च्या आसपास यायला हवेत. पण 6,400 चे निम्मे-निम्मे करत जाणं सोपं, म्हणून तो आकडा घेतला. फायदा असा की एक किलोमीटरवरची एक मीटर रुंद वस्तू जवळजवळ एक मिल कोनात दिसते. हात ताणून एक बोट डोळ्यासमोर धरलं की ते 30-35 मिल झाकतं. सात मीटर लांबीचा ट्रक सात मिल दिसला तर तो एक किलोमीटरवर, चौदा मिल दिसला तर अर्ध्यावर. बाबांनी मला हे गच्चीवर दाखवलं होतं, पाण्याच्या टाकीवर बोट धरून. मी तेव्हा सहावीत होते. त्रिकोणमिती पुढं चार वर्षांनी शाळेत आली, कुठल्याशा झेंड्याच्या काठीच्या सावलीतून आली, आणि सगळ्या वर्गाला कंटाळा आला. त्या वर्गातल्या निम्म्या मुलांच्या बापांनी आयुष्यभर कोन मोजले होते.

बाकी, सैनिकाच्या मुलाच्या डोक्यात सूत्राखेरीज आणखी काय चालू असतं, हे मी 1999 च्या उन्हाळ्यात शिकले. अकरावी विज्ञान नुकतंच सुरू झालं होतं. मे ते जुलै कारगिल. बाबांची पलटण प्रत्यक्ष कारगिलात नव्हती, पण त्या बाजूलाच होती आणि पत्रं थांबली होती. छावणीच्या एसटीडी बूथवर रांग लागायची आणि रांगेत कुणी बोलायचं नाही. आमच्या गणिताच्या सरांनी त्या तीन महिन्यांत एकदाही आम्हाला धीर दिला नाही. रोज तास घेतला. रोज पाच गणितं घरी दिली, आणि दुसऱ्या दिवशी ती तपासली. इतर शिक्षक सहानुभूतीनं म्हणायचे, राहू दे, नंतर कर. सर म्हणायचे, दाखव. मला ते तेव्हा निर्दयी वाटले. पण दिवसातला तेवढा एक तास असा होता की ज्यात प्रश्नाला उत्तर असायचं आणि ते त्याच दिवशी कळायचं.

आता मी स्वतः गणित शिकवते, एका छावणीच्याच गावात, आणि वीस वर्षं होऊन गेली. सैनिकांच्या मुलांचं शिक्षण सुधारायचं म्हटलं की बोलणं कुठं जातं हे मला पाठ झालंय: नवी शाळा, नवी प्रयोगशाळा, नवी शिष्यवृत्ती. यातल्या कशालाही माझा विरोध नाही. मोठी कामं झालेली आहेतच. बदलीच्या नोकरीतल्यांच्या मुलांना देशभर एकच अभ्यासक्रम मिळावा म्हणून 1963 मध्ये छावण्यांतल्या 20 रेजिमेंटल शाळा ताब्यात घेऊन केंद्रीय विद्यालयांची सुरुवात झाली. आज ती साडेबाराशेच्या वर आहेत आणि वर्षाच्या मध्येही बदली झालेल्याच्या मुलाला दार उघडतात. आर्मी पब्लिक स्कूल चालवणारी आर्मी वेल्फेअर एज्युकेशन सोसायटी 1983 ची. साताऱ्याची सैनिक स्कूल 1961 ची, देशातली पहिली, आणि तिथं सैनिकांच्या मुलांसाठी 25 टक्के जागा राखीव. पुस्तक एकच असल्यानं किती फरक पडतो याचा एक पुरावा बाहेरचा आहे. अमेरिकेचं संरक्षण खातं सैनिकांच्या मुलांसाठी स्वतःच्या सुमारे 160 शाळा चालवतं, जर्मनीपासून जपानपर्यंत सगळीकडं एकच अभ्यासक्रम. 2022 च्या त्यांच्या राष्ट्रीय चाचणीत आठवीच्या गणितात देशातल्या सरकारी शाळांची सरासरी 273 होती, या शाळांची 292. ती मुलंही दर दोन-तीन वर्षांनी घर बदलतात. म्हणजे नुसत्या बदलीनं मुलं मागं पडतात असं काही नाही.

पण पुस्तक एक असलं तरी पान एक नसतं. एक शाळा ऑगस्टमध्ये जे शिकवते ते दुसरी डिसेंबरात शिकवते. मूल मधे नोव्हेंबरला हललं की एक तर त्याला तो धडा दोनदा मिळतो, नाहीतर मिळतच नाही. दोनदा मिळाला तर ते कंटाळतं, पण त्याचं काही बिघडत नाही. न मिळाल्याचं कळायला पाच वर्षं लागतात. आणि मूल मधे गावी जाऊन आलं असेल तर पुस्तकही एक नसतं.

पैशाचंही थोडं बघा. मुलांच्या शिक्षणाचा भत्ता सातव्या वेतन आयोगानंतर दरमहा एका मुलामागं 2,250 रुपये होता, जानेवारी 2024 पासून 2,812 रुपये 50 पैसे झाला. दोन मुलांपर्यंत, वर्ष संपल्यावर एकरकमी. तो मूल शाळेत आहे यासाठी मिळतो, आणि योग्यच आहे. निवृत्त झालेल्यांच्या मुलांसाठी पंतप्रधान शिष्यवृत्ती आहे, 2006-07 पासून. मुलींना महिन्याला 3,000, मुलांना 2,500, व्यावसायिक अभ्यासक्रमासाठी, आणि बारावीला 60 टक्के हवेत. चांगली योजना आहे. माझ्या ओळखीतल्या तीन मुली त्यावर शिकल्या. पण ती मिळते बारावीच्या उंबऱ्यापलीकडं. पाचवीत नोव्हेंबरला सुटलेला टाका तिच्या हिशेबात कुठंच येत नाही, आणि तो टाका सुटलेली मुलगी विज्ञान शाखेकडं फिरकतच नाही, मग साठ टक्क्यांचा प्रश्नच मिटतो. आता प्रत्येक विद्यार्थ्याला बारा आकडी 'अपार' क्रमांक मिळतोय, सगळे गुण त्यात साठणार. माझे चौथीचे 91 गुणही त्यात अगदी दिमाखात बसले असते.

मी काय करते ते सांगते. फार काही नाही. एक कागद आहे.

नवं मूल वर्गात आलं की पहिल्या आठवड्यात मी त्याला बारा प्रश्नांचा कागद देते. प्रवेशपरीक्षा नाही. गुण देत नाही. प्रत्येक प्रश्न एकेका बिजागरीवर ठेवलेला: ऋण संख्यांची वजाबाकी, अपूर्णांकांचा भागाकार, गुणोत्तर, कंस सोडवणं, एककं बदलणं, आलेखावरून वाचणं. सोडवून झाल्यावर मी मुलाला माझ्यासमोर बसवते आणि तीन-चार ठिकाणी विचारते, हे तू असं का केलंस? बरोबर आलेल्या उत्तरांबद्दलही विचारते. माझी पाचवीपासून दहावीपर्यंतची बरोबर उत्तरं कशी यायची ते मला माहीत आहे. मग कागदाच्या मागं दोन रकाने: 'आहे' आणि 'कमी'. तिसरा रकाना शब्दांचा. गावच्या शाळेतून आलेलं मूल असेल तर अंश-छेद, वस्तुमान, घनता, आणि त्यापुढं आमच्या वर्गात वापरले जाणारे शब्द. दोन आठवड्यांत ती यादी लागेनाशी होते. पण पहिल्या दोन आठवड्यांतच वर्ग त्या मुलाबद्दल मत बनवत असतो.

जाणाऱ्या मुलांच्या आयांना मी एकच गोष्ट हात जोडून सांगते. गणिताची वही रद्दीत घालू नका. सामान बांधताना पहिल्यांदा वह्याच जातात. प्रगतिपुस्तक प्लास्टिकच्या पिशवीत घालून जपतात, वही मात्र किलोनं विकतात. नव्या शिक्षकाला प्रगतिपुस्तकातून काही कळत नाही. वहीत तारखा असतात, कुठला धडा कुठं तुटला ते असतं, आणि चुका असतात. चुकांइतकं खरं प्रमाणपत्र दुसरं नाही. काही आयांना हे पटतं. काहींना चुकांनी भरलेली वही नव्या बाईंना दाखवायची लाज वाटते. मग मी त्यांना माझ्या बाबांची कोर्ट ऑफ इन्क्वायरीवाली गोष्ट सांगते. फौजेतल्या बायका त्या हसतात, कारण त्यांच्या नवऱ्यांची तीच भाषा असते.

ऑनलाइन व्हिडिओंबद्दल विचारतात. चांगले आहेत, फुकट आहेत, फील्डला गेलेल्या बापाच्या मुलीला रात्री दहा वाजता दुसरं कोण शिकवणार? फक्त व्हिडिओ तेच शिकवतो जे तुम्ही शोधता. मला जर दहावीत शोधायला सांगितलं असतं तर मी 'समांतर रोध' शोधला असता. 'पाचवी, अपूर्णांकांचा भागाकार' कशाला शोधला असता?

गेल्या नोव्हेंबरात हिसारहून एक मुलगी आली, सातवीत. त्याआधीचं दीड वर्ष सांगलीकडं आजोळी. बडबडी, हसरी, पाढे तीसपर्यंत खणखणीत. बारापैकी नऊ उत्तरं बरोबर. अपूर्णांकाच्या भागाकाराचंही बरोबर होतं. मी विचारलं, कसं केलंस? तिनं खाली मान घातली आणि सांगितलं की आधी एकाला उलटं करून बघितलं, मग दुसऱ्याला, आणि जे उत्तर छान दिसलं ते लिहिलं. मी तिला चहापत्तीच्या पुड्या बांधायला लावल्या. कपाटात एक डबा ठेवलेलाच असतो.

शनिवारी तिचे वडील आले. हुद्द्यानं नाईक, युनिफॉर्ममध्येच, डोक्यावरची टोपी काढून हातात धरलेली. मी कागद पुढं केला. पालक बहुतेक वेळा त्यावर नुसती नजर टाकतात आणि विचारतात, हुशार आहे ना? त्यांनी तसं केलं नाही. खुर्चीत नीट बसले, खिशातून पेन काढलं, आणि एकेका ओळीवर पेनाचं टोक ठेवत वरून खाली वाचत आले. 'आहे'च्या रकान्यावर मान हलवली. 'कमी'च्या रकान्यावर थांबले.

"मॅडम, यात तीन आयटम डेफिशियन्ट आहेत."

"हो."

"मेक-अप कधीपर्यंत?"

मी म्हटलं, मार्चपर्यंत भरून निघेल, मात्र तिच्या जुन्या वह्या मला बघायला हव्यात. ते म्हणाले, पेटीत आहेत, उद्या आणतो. मग त्यांनी सही केली, सहीखाली तारीख घातली, नाव आणि रँक लिहिला. कागद मला परत द्यायला हात पुढं केला आणि मधेच थांबले.

"दुसरी कॉपी, मॅडम? एक आमच्याकडं लागंल. पुढच्या ठिकाणी द्यायला."